कंपनी बदलण्याआधी दोष शोधा: सोलापुरातल्या घरासाठी, दुकानासाठी आणि मागाच्या शेडसाठी

नेट रेंगाळायला लागलं की पहिला विचार येतो तो कंपनी बदलायचा. शेजारी कुणाचं चांगलं चालतंय ते विचारायचं, तीच जोडणी घ्यायची, आणि दोन महिन्यांनी तिच्याही नावानं बोटं मोडायची. यात कंपनीची चूक असतेच, पण वाटते तितकी नसते. खांबावरच्या डबीपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतच्या शेवटच्या पन्नासेक मीटरमध्येच निम्मी दुखणी असतात, आणि ती कंपनी बदलली तरी तिथंच राहतात. म्हणून आधी दोष कुठं आहे ते बघा: तारेत, डब्यात (कंपनी घरात बसवते तो मॉडेम-राउटर), वायफायमध्ये की टॉवरकडून. चारही ठिकाणं तपासायला अर्धा तास पुरतो.

घेतानाच विचारायच्या गोष्टी

शहरात आता नवी जोडणी म्हणजे फायबरच. ०२१७ चा जुना लँडलाइन नंबर अजून चालू असेल आणि दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर तोच छापलेला असेल, तर तो सोडू नका. त्याच कंपनीचं फायबर घेताना नंबर तोच ठेवून मिळतो. अर्ज भरतानाच तसं लिहून द्या, नंतर मागितला तर फार फिरावं लागतं. एक फरक मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा. तांब्याच्या जोडीवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीतून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालायचा, त्यामुळं घरची वीज गेली तरी तो जिवंत असायचा. फायबरवरचा फोन तुमच्या घरातल्या डब्याच्या विजेवर चालतो. वीज गेली की नेटबरोबर फोनही गेला. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. ‘लँडलाइनवरून मोबाइल लागतच नाही’ या तक्रारीमागं अनेकदा एवढंच असतं.

वेग किती घ्यावा? हाय डेफिनिशन व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला २५. दोन टीव्ही, चार फोन आणि एक ऑनलाइन क्लास अशा घराला ५० ते १०० एमबीपीएस भरपूर झाले. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. डाउनलोड करताना १२ चा आकडा दिसला तर कुणी फसवलेलं नाही, हिशोब बरोबर आहे. २००४ साली सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे; २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे ‘ब्रॉडबँड’ या नावावर काही ठरवू नका, आकडा विचारा.

दुकानात, गोदामात कॅमेरे असतील तर अपलोडचा वेग वेगळा विचारा. एक कॅमेरा क्लाउडवर चित्र पाठवायला साधारण २ एमबीपीएस खातो. चार कॅमेऱ्यांना ८ झाले, आणि तेही चोवीस तास. बाहेरून थेट डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) बघायचा असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र इंटरनेट पत्ता, मिळेल का, हेही आधीच विचारा. बऱ्याच कंपन्या एका सार्वजनिक आयपीवर अनेक ग्राहक बसवतात, अशा जोडणीवर बाहेरून थेट आत येता येत नाही. मग कॅमेरा कंपनीच्या ॲपवर अवलंबून राहावं लागतं.

डबा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर वायफाय देणारा) आहे का, आणि रविवारी लाइन तुटली तर जोडायला कोण येणार, हे दोन प्रश्न राहिले. दुसऱ्याचं उत्तर गोलगोल मिळालं तर स्वस्त प्लॅनचा मोह सोडा.

तार बसवताना उभं राहून बघा

बसवणारा मुलगा घाईत असतो, त्याला अजून पाच घरं करायची असतात. तुम्ही समोर उभे राहिलात तर काम निम्म्यानं बरं होतं.

बाहेरून येणाऱ्या काळ्या तारेत काचेच्या धाग्याशेजारी एक पोलादी तार असते, ती ताण घेण्यासाठी. ही पोलादी तार घरात येऊ देऊ नका. भिंतीबाहेर हुकाला बांधून तिथंच तोडायला सांगा. काच वीज वाहून नेत नाही, पोलाद नेतं. खांबावर तीच तार महावितरणच्या तारांना घासत असली तर धोका थेट टीव्हीच्या कपाटापर्यंत येतो. तुटून रस्त्यावर लोंबणारी नेटची तार ‘ही तर काचेची’ म्हणून हातानं बाजूला करू नये, ते याचसाठी.

घरात तार नेताना कोपऱ्यावर काटकोनात दुमडू देऊ नका. बांगडीएवढी गोलाई ठेवली तर कुठल्याच फायबरला त्रास होत नाही. खिडकीच्या चौकटीत चेपलेली, खिळ्याखाली दाबलेली तार आज चालते आणि चार महिन्यांनी कुरकुर करते. डब्याजवळ दोनेक मीटर तार जादा ठेवून सैल वेटोळं करा. टोक खराब झालं तर कापून पुन्हा बसवायला ती लागते. शक्य असेल तर आत येण्याआधी तारेला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळून भिंतीत शिरत नाही.

गल्लीतून मिरवणुका जात असतील तर रस्ता ओलांडणारी तार किती उंच आहे तेही बघा. गणपती, शिवजयंती, भीमजयंतीचे देखावे उंच असतात, आणि सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात त्या मार्गावर तर खाली लोंबणारी तार ठेवूच नये. ती तुटणार तर आहेच, वर कुणाला लागलं तर ते वेगळंच.

काम झालं की एक आकडा मागा: डब्यावर येणारी प्रकाशाची पॉवर, डीबीएममध्ये (ताकदीचं माप; आकडा उणे असतो, शून्यापासून जितका लांब तितका प्रकाश कमी). बहुतेक डब्यांत तो तुम्हालाही बघता येतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (पत्ता वेगळा असेल तर डब्याखालच्या स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि ऑप्टिकल माहितीचं पान उघडा. तिथं आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणारी पॉवर, दिसते. उणे १५ ते उणे २४ दरम्यान असेल तर लाइन निरोगी. उणे २७ ही नेहमीच्या जीपॉन (एक धागा अनेक घरांत वाटणारी फायबरची पद्धत) डब्याची शेवटची मर्यादा. त्याखाली तो अडखळतो. उलट उणे ८ पेक्षा जास्त पॉवर आली तरी चालत नाही.

हा आकडा येतो कुठून? एक्स्चेंजकडून साधारण अधिक ३ डीबीएम निघतात. वाटेत प्रकाश वाटणारे स्प्लिटर असतात. एका धाग्यावर ६४ घरं असतील तर त्यातच सुमारे २० डेसिबल जातात. पाच किलोमीटर फायबरमध्ये दीड-दोन, जोडांमध्ये आणखी एक-दोन. हिशोब उणे २० ते २१ वर येतो. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे: बसवलं त्या दिवशी उणे २० होते आणि आज उणे २६ आहेत, तर प्रकाश चौथाईवर आलाय. वेग अजून बरा दिसेल, पण दुखणं सुरू झालेलं आहे. पहिल्या दिवसाचा आकडा डब्यावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. फोनवर भांडायला याच्यासारखा पुरावा नाही.

पूर्व भागातल्या शेडसाठी वेगळं

मागाच्या शेडमध्ये, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात फायबरचा शत्रू कापूस आहे. डब्यात घुसणाऱ्या फायबरच्या हिरव्या टोकाच्या मधोमध अडीच मिलिमीटरचा पांढरा दांडा असतो, आणि त्याच्या मध्यभागी प्रकाश जाण्याची जागा सुमारे ९ मायक्रॉनची. कापसाचा एक सुटा तंतू त्याहून जाड असतो. हवेत उडणाऱ्या फुसातला एकच तंतू त्या तोंडावर बसला की सगळा प्रकाश अडायला पुरेसा आहे. त्यामुळं शेडमध्ये ते टोक उगाच काढून बघू नका, काढलंच तर लगेच टोपण लावा. फुंकर मारून पुसू नका, वाफ आणि थुंकी बसते. सदऱ्याच्या टोकानं पुसणं तर त्याहून वाईट. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारा कागद, एकाच दिशेनं एक पुसट, बस. टोकात डोळा घालून ‘लाइट येतोय का’ हे कधीही बघू नका. १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

हिरवं टोक आणि निळं टोक एकमेकांत बसतात, पण जोडू नयेत. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो.

शेडमधली दुसरी अडचण विजेची. माग सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि डबा आपोआप रिस्टार्ट होतो. मालक म्हणतो नेट सारखं जातंय, कंपनी म्हणते लाइन ठीक आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. डबा ऑफिसच्या वेगळ्या सर्किटवर घ्या, किंवा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. घेताना तीन गोष्टी जुळवा: व्होल्ट डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आतला भाग अधिक आहे ना. डबा साधारण १० वॅट खातो. २२ वॅट-तासांची बॅटरी दोन तासांच्या आसपास खेचते. यूपीएसच्या खोक्यावरच्या ‘सहा तास बॅकअप’ या छापील अक्षरांवर जाऊ नका, वॅट-तास बघा.

डबा कुठं ठेवायचा

१९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं गावांसाठी १२८ लाइनचं जे एक्स्चेंज बनवलं, त्याचा मोठा गुण हा होता की ते एसीशिवाय आपल्या उन्हाळ्यात चालायचं. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं आणि मग खेडोपाडी पोचलं. घरातल्या राउटरला ती ताकद नाही. बहुतेकांवर ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा लिहिलेली असते, आणि आपण मे महिन्यात त्याला टीव्हीच्या मागं, सेट-टॉप बॉक्सच्या उरावर, बंद कपाटात कोंडतो. दुपारी नेट जातं आणि रात्री येतं असं असेल तर आधी डब्याला हात लावून बघा. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबला लागून ठेवलेला असेल तर खाली घ्या. उभा ठेवा, छिद्रं मोकळी ठेवा.

वायफायचं गणित भिंतींचं आहे. साखर पेठेकडच्या जुन्या माळवदाच्या घरात दीड-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती असतात. त्यातून ५ गिगाहर्ट्झ एक भिंतसुद्धा धड पार करत नाही. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये तोच राउटर दोन खोल्या आरामात भरतो. डबा ज्या खोलीत आहे तिथं ५ गिगाहर्ट्झ वापरा, लांब २.४. शेजारी दाट असतील तर २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यातलाच एक निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधले आकडे घेतले तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर.

जाड भिंतीच्या घराला वायफाय एक्स्टेंडर हे उत्तर नाही. तो अर्धवट आलेला सिग्नल पुढं ढकलतो. दुसऱ्या खोलीपर्यंत लॅन केबल न्या आणि तिथं दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट (तारेनं आलेलं नेट वायफायवर देणारा) म्हणून लावा. केबल १०० मीटरच्या आत ठेवा. इथं एक चलाखी फार चालते: केबलमधल्या आठ तारांपैकी चारच लावून क्लिप दाबतात. चालतं सगळं, पण वेग १०० एमबीपीएसच्या वर जातच नाही. तुम्ही २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतलाय आणि तारेवर लॅपटॉप लावूनही कायम ९४-९५ च दिसत असेल, तर पारदर्शक क्लिपमधून तारा मोजा.

नेट गेलं तर या क्रमानं

डब्यावरचा लॉसचा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल लुकलुकतोय? प्रकाशच येत नाही. तार कुठं मुरगळली आहे का, टोक सैल आहे का, खारीनं किंवा उंदरानं कुरतडलंय का ते बघा. नसेल तर काम बाहेरचं आहे, तक्रार करा. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असला तर लाइन पोचलेली आहे. मग लॅपटॉप थेट केबलनं डब्याला लावून वेग मोजा. केबलवर बरोबर आणि फोनवर कमी असेल तर दोष वायफायचा, म्हणजे तुमच्या हातातला. केबलवरही कमी असेल तर आरएक्स पॉवर बघा. पॉवर पहिल्या दिवसाइतकीच आणि वेग फक्त रात्री नऊ ते अकरा पडत असेल, तर कंपनीनं आपल्या बाजूला क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक भरलेत. कंपनी बदलायचं खरं कारण हे एकच. सकाळी आणि रात्री घेतलेल्या वेगाचे चार-पाच स्क्रीनशॉट ठेवा.

रीसेटचं बारीक छिद्र पिनेनं दाबू नका. रिस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटनं कंपनीची सेटिंग्ज उडतात आणि माणूस येईपर्यंत सगळंच बंद.

मोबाइलची रेंज

काड्या मोजून काही कळत नाही, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीनं दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, फोनबद्दल, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. उणे ९० पर्यंत उत्तम, उणे १०० ला चालतंय, उणे ११० च्या खाली कॉल तुटणार. नवं सिम घेण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेल्या कुणाला तरी घरी बोलवा आणि झोपायच्या खोलीत, दुकानाच्या गल्ल्यावर हा आकडा बघा. सात रस्त्याला चांगलं चालतं म्हणून घेतलेलं सिम तुमच्या तळमजल्यावर चालेलच असं नाही.

पत्र्याची शेड म्हणजे रेंजला झाकण. ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढं दुबळा. ७०० आणि ९०० मेगाहर्ट्झ आत शिरतात, तरी पत्र्यापुढं तेही हात टेकतात. शेडमध्ये फोन ५जी आणि ४जी यांच्यात उड्या मारत बॅटरी संपवत असेल तर सरळ ४जीवर ठेवा. आणि वायफाय कॉलिंग चालू करा: सिमच्या सेटिंग्जमध्ये एक खटका असतो, तो चालू केला की कॉल तुमच्या फायबरवरून जातो. याला वेगळे पैसे लागत नाहीत. बाजारात मिळणारे रेंजचे बूस्टर घेऊ नका. परवान्याशिवाय ते बसवणं बेकायदा आहे, आणि त्यानं आख्ख्या गल्लीची रेंज बिघडते. दुकानातल्या पैसे मिळाल्याचं बोलणाऱ्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचं सिम असतं. तो गप्प झाला तर वायफायला दोष देऊ नका. लोखंडी कपाटाशेजारून उचलून दर्शनी बाजूला ठेवून बघा.

गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला पंढरपुरात सिग्नल पूर्ण आणि नेट ठप्प, असं होतं. तिथं सिग्नल कमी नसतो, टॉवरची जागा भरलेली असते. व्हॉट्सॲपवर ‘कुठं आहेस’ पाठवत बसण्यापेक्षा साधा एसएमएस करा, त्याला फार कमी जागा लागते. खिशात थोडी रोख असू द्या, युपीआय ऐन वेळी दगा देतं.

शेतवस्तीवर फायबर पोचत नसेल तर ५जीची घरगुती वायरलेस जोडणी बघा. तिचा बाहेरचा डबा टॉवरकडं तोंड करून बसवतात. हे बसवून घेताना ऊस किती वाढणार याचा विचार करा. लागणीच्या वेळी टॉवर दिसत असतो. बाराव्या महिन्यात दहा-बारा फुटांचा ऊस मध्ये उभा राहतो, आणि ओली पानं सिग्नल आणखी खातात. छतावर पाइप लावून डबा उसाच्या वर राहील एवढा उंच घ्या. त्याआधी ग्रामपंचायतीत भारतनेटचं (गावोगावी फायबर नेणारी सरकारी योजना) फायबर आलंय का आणि त्यावरून घरगुती जोडणी मिळते का, हेही विचारा.

कंपनी बदलायचीच असेल तर

नंबर तोच ठेवून बदलता येतो. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहा, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० ला पाठवा. आठ अक्षरांचा कोड येईल, तो चार दिवस चालतो. आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि गेल्या ७ दिवसांत सिम बदललेलं नको. सोलापूर आणि पुणे एकाच महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) येतात, मुंबईचं सर्कल वेगळं. सर्कलच्या आत ३ कामाचे दिवस लागतात, बाहेरून ५. मुंबईहून परत आलेल्यांनी दोन दिवस जास्त धरावेत. बदल होताना काही तास फोन बंद राहतो, तेव्हा बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका.

तक्रार करायची तर तोंडी नको. कंपनीच्या कॉल सेंटरवर नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, लिहून घ्या. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. दखल घेतली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, तिथं निकालाला ३९ दिवसांची मुदत आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिथं अर्ज पाठवून वेळ घालवू नका. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र मोकळा आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथं जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आरएक्स पॉवरचा पहिल्या दिवशीचा आकडा, आजचा आकडा, रात्रीचे स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबर अशी चार कागदं सोबत असली की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.